अनुदान शोधत बसलात, इकडे नव्वद दिवस संपायलेत

नवी पेठेतल्या एका शिलाई मशीन रिपेअरीवाल्या भाऊंनी लांबलचक लिहिलंय. त्यातला गाभा एवढाच, की दुकान वडिलांनी १९८६ साली भाड्याने घेतलेलं, भाडं वाढत वाढत ३,२०० वर आलेलं, जुने मालक वारले आणि आता त्यांचा मुलगा १८,००० मागतोय, जुनं भाडं घ्यायला तयार नाही. मग भाऊंनी काय केलं, तर चौदा महिने भाडंच दिलं नाही. मालकाची नोटीस आली ती ड्रॉवरमध्ये गेली, आता कोर्टाचं समन्स येऊन दोन महिने होत आलेत, आणि भाऊंचा प्रश्न असा आहे की "अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला महापालिका छोट्या दुकानदारांना भाड्यासाठी अनुदान देते असा व्हिडिओ बघितला, आपल्या सोलापूर महापालिकेत असा अर्ज कुठे करायचा?"

हाच प्रश्न थोड्याफार फरकाने बरेच जण विचारायलेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तिथली योजना खरी आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी ठराव पास केला आणि तीस वर्षं किंवा त्याहून जुन्या धंद्यांसाठी फंड उभा राहिला, धंदेवाल्याला एका कामगारामागे ५०० डॉलरपर्यंत आणि जागेच्या मालकाला चौरस फुटाला साडेचार डॉलरपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त २२,५०० डॉलर, असं तेव्हा ठरलं. पण व्हिडिओत बहुतेक सांगितलं नसेल ते हे की मालकाला ते पैसे हवे असतील तर त्याने दुकानदाराला दहा वर्षांचं लीज द्यायचं अशी अट घातली होती. म्हणजे तिथेसुद्धा पैसा कागदाच्या मागून येतो, आधी जागेवरचा हक्क पक्का, मग अनुदान. तुमचा जागेवरचा हक्कच जायच्या बेतात आहे आणि तुम्ही अर्जाचा नमुना शोधताय.

आपल्याकडे खाजगी मालकाचं दुकानभाडं भागवायला महापालिकेचं अनुदान नाही. इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, चकरा मारल्या तर फार तर पीएम स्वनिधीच्या टेबलाकडे पाठवतील, ती योजना फेरीवाल्यांची, आणि ते कर्ज आहे, पहिल्यांदा १५,०००, फेडलं की २५,०००, मग ५०,०००, व्याजात सवलत असली तरी मुद्दल फेडायचंच असतं. मुद्रा लोन मिळेल, पण तेही लोनच. (तुमचा गाळा महापालिकेचा असता तर गोष्टच वेगळी, पालिकेच्या आणि सरकारी जागांना भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. खाली जे लिहिलंय ते गाळेवाल्यांनी स्वतःला लावून घेऊ नये.)

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५, त्यातलं पोटकलम ३. थकबाकीसाठी मालकाने दावा लावला तरी, समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी, कायद्याने होणारी वाढ आणि थकबाकीवर सालाना १५ टक्के सरळव्याज असं कोर्टात भरलं, आणि पुढे दावा संपेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला, शिवाय कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढायचा हुकूम होत नाही. तुमचं दुकान वाचतं की जातं ते आत्ता या एका कलमावर आहे. बाकी तुम्ही लिहिलेलं सगळं, मालक कसा उर्मट बोलला, वडिलांचे आणि त्याच्या वडिलांचे संबंध किती चांगले होते, ते मी वाचलं, पण कोर्टात त्याचा उपयोग शून्य.

आणि यातली ग्यानबाची मेख कुठे आहे बघा. तुम्ही लिहिताय "समन्सवर तारीख अजून लांब आहे, तेव्हा वकील लावीन." अहो, आपल्या कोर्टात बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, एवढ्या केसेस आहेत की तारीख दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी पडते, त्यात जज साहेबांची बदली झाली की अजून पुढे, पण कलम १५ चे नव्वद दिवस तारखेवर नाही चालत, समन्स हातात पडलं त्या दिवसापासून चालतात. कोर्टाने कितीही वेळ लावला तरी त्याला कोणी विचारत नाही, तुम्ही मात्र एक दिवस उशीर केला तर संपलं. मला याचा संताप येतो, पण संताप करून कलम बदलत नाही. नीट लक्षात घ्या, कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायला उशीर झाला तर कोर्ट बऱ्याचदा कॉस्ट लावून का होईना ती घेतं, सुप्रीम कोर्टाने त्यात मोकळीक ठेवलीय. पैसे भरायच्या नव्वद दिवसांबद्दल तशी आशा धरू नका. तारीख लांब असेल तर वकिलाने अर्ज देऊन केस आधी बोर्डावर घ्यायची आणि रक्कम भरायची परवानगी मागायची, परवानगी झाली की चलन करून नाझर ऑफिसला, म्हणजे कोर्टातल्या पैसे भरायच्या कचेरीत, पैसे भरायचे, पावतीची झेरॉक्स केसच्या फाइलला लावायची. हे एका दिवसात होत नाही, अर्ज, हुकूम, चलन यात आठवडा सहज जातो, आणि तुमच्या हातात जेमतेम महिनाच उरलाय.

"समन्स मुलाने घेतलं, मी अक्कलकोटला होतो, मग मला लागू नाही ना?" लागू आहे. बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, घरी आला, तुम्ही नव्हता, आणि घरातल्या सज्ञान माणसाने सही करून घेतलं तर ती बजावणी धरतात. दुकानातल्या कामगाराने घेतलं असतं तर वाद घालता आला असता, नोकर म्हणजे कुटुंबातला माणूस नाही असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलंय. मुलगा वीस वर्षांचा आहे म्हणताय, म्हणजे दिवस त्याच्या सहीपासून मोजा.

आता हिशोब. ३,२०० गुणिले चौदा, ४४,८००. वर्षाला १५ टक्के म्हणजे महिन्याला सव्वा टक्का, ३,२०० वर ४० रुपये. पहिल्या थकलेल्या महिन्याचं व्याज चौदा महिन्यांचं, शेवटच्याचं एका महिन्याचं, सगळं मिळून ४,२००. झाले ४९,०००. त्यावर कलम ११ ची वर्षाला ४ टक्के वाढ, तुमच्या भाड्यावर ती महिन्याला १२८ रुपये होते, ती धरून थोडे जास्तच भरा, जास्त भरलेलं वळतं करता येतं, कमी भरलं तर पन्नास रुपयांवरून सुद्धा समोरचा वकील उभा राहतो. मालक १८,००० च्या दराने थकबाकी मागेल, पण बाजारभाव वाढला म्हणून मालकाने एकतर्फी भाडं सहापट करायचं असं या कायद्यात नाही. मात्र स्टँडर्ड रेंट, म्हणजे कायद्याने धरलं जाणारं भाडं, किती हा वाद तुमच्या वकिलाने कैफियतीत घेतलाच पाहिजे, आणि किती भरायचं ते कोर्टाकडूनच ठरवून घेता आलं तर अजून चांगलं. तुमच्या जुन्या पावत्या मी बघितलेल्या नाहीत, म्हणून आकड्यावर माझी सही समजू नका.

खरं तर ही वेळच यायला नको होती. मालक भाडं घेत नाही म्हणजे भाडं माफ झालं असा अर्थ अर्ध्या सोलापूरने काढलेला आहे. मालक घेत नसेल तर त्याच्या खात्यावर टाकायचं, खातं माहीत नसेल तर चेक पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचा, परत आला की "घेण्यास नकार" शेऱ्याचं पाकीट न फोडता ठेवून द्यायचं. दर महिन्याला. तेवढं एक केलं असतं तर थकबाकीचा दावा उभाच राहिला नसता. नोटिशीनंतरसुद्धा कायद्याने नव्वद दिवस दिले होते, दावा त्याआधी लावताच येत नाही, ते दिवस तुम्ही ड्रॉवरमध्ये घातले.

बाकीच्या गोष्टींवर मी सावधच बोलेन. "माझ्या मुलाला शोरूम टाकायचंय, जागा हवीय" असं मालकाने दाव्यात लिहिलं असेल तर ते कारण वेगळं, पैसे भरून ते मिटत नाही, तिथे कोणाची अडचण जास्त हे कोर्ट बघतं आणि त्याला वर्षं लागतात, निकाल कोणाच्या बाजूने जाईल ते आज कोणी सांगू नये. पावत्या अजून वडिलांच्या नावाने आहेत, त्याचं एवढं टेन्शन नको, वडील वारले तेव्हा तुम्ही त्यांच्यासोबत त्याच दुकानात बसत होता हे दाखवता आलं पाहिजे, शॉप ॲक्टचा दाखला, लाईट बिल, जुनी बिलबुकं काढून ठेवा.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की मालकाचा मेव्हणा येऊन म्हणाला, "९,००० वर मिटवू, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करू, दावा मागे घेतो." त्यावर सही करू नका. आज तुम्ही भाडेकरू आहात, त्या कागदावर लायसन्सी, म्हणजे नुसत्या परवानगीवर जागा वापरणारे, होता, आणि अकरा महिन्यांनी मुदत संपली की आत्ताचं संरक्षण सांगायला तोंड राहत नाही. कागदाचं नाव काही असलं तरी खरा व्यवहार काय होता ते कोर्ट बघतं, सुप्रीम कोर्टाने १९५९ पासून हे सांगितलंय, पण ते सिद्ध करायला पुन्हा दहा वर्षं तारखा घालायच्या का? मिटवायचंच असेल तर भाडेकरू म्हणूनच, वाढीव भाडं लेखी, करार रजिस्टर करून आणि कोर्टातल्या तडजोडीत. मेव्हण्याला चहा पाजा, आणि सांगा की आधी नाझरकडे पैसे भरून येतो, मग बसू.