ब्रेल नोटटेकरवर रोज दीडशे-दोनशे ई-मेल येतात. ते कसे आवरावेत, की सरळ फोनच वापरावा?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. एवढे मेल नोटटेकरवर (ब्रेल ठिपक्यांच्या ओळीवर बोटांनी वाचायच्या छोट्या यंत्रावर) कसे हाताळायचे, इनबॉक्स उघडायलाच इतका वेळ का लागतो, आणि ‘फोन बोलून दाखवतो, मग ठिपक्यांचा हट्ट कशाला’ असं घरचे म्हणतात त्यांना काय सांगायचं. तिसरा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळात हेच वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय. ऐकवणारे ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून समोर फार बोलता येत नाही. इथे बोलतो.

यंत्र कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अँड्रॉइडवरचं आहे (ब्रेलनोट टच, टच प्लस, पोलारिस, ब्रेलसेन्स ६) असं धरून चालतो. विंडोज सीईच्या काळातलं असेल, म्हणजे ब्रेलनोट एपेक्स किंवा ब्रेलसेन्स यू-टू, तर त्यावर थेट मेल आणायचा नाद सोडा. सुरक्षित जोडणीच्या आजच्या पद्धती त्याला झेपत नाहीत. ते कॉम्प्युटरला ब्रेल डिस्प्ले म्हणून जोडा आणि एनव्हीडीएतून (पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) मेल वाचा.

आता मुद्द्याचं. मेलची छाननी यंत्रावर करायचीच नसते. ती सर्व्हरवर व्हावी लागते. यंत्रावर फक्त तुमच्या बोटाखाली यायच्या लायकीचं तेवढंच उतरलं पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात. सगळं यंत्रावर ओढतात, मग एकेक पुसत बसतात आणि यंत्र मंद आहे म्हणतात. इनबॉक्समध्ये वीस हजार मेल असतील तर यंत्रातला मेल प्रोग्राम तेवढ्या नोंदी सर्व्हरशी ताडून बघणार, त्यांची शीर्षकं साठवणार, मग तुम्हाला पहिली ओळ देणार. त्याला मंद म्हणण्यात अर्थ नाही.

आमच्या मंडळाचंच घ्या. मंडळाचा जीमेल माझ्याकडे आला तेव्हा त्यात वर्गणीच्या पावत्या, सभागृहाच्या चौकश्या, वीजबिलं, गुजरातीतल्या सूचना, कार्यक्रमांची निमंत्रणं आणि प्रत्येक निमंत्रणावर पंधरा जणांचं ‘छान’ असं सगळं एकाच इनबॉक्समध्ये होतं. वर भाऊंच्या आग्रहाखातर पॉप (मेल एकेका यंत्रावर उतरवून घ्यायची पद्धत) लावलेलं. त्यांचं म्हणणं, नेट गेलं तरी मेल आपल्या हातात राहतात. हातात राहतात हे खरं, पण त्याच एका यंत्राच्या. पॉपमध्ये मी नोटटेकरवर वाचलेला मेल खजिनदारांच्या कॉम्प्युटरवर न वाचलेलाच राहणार. इथे पुसला तरी तिथे असणार. फोल्डर येत नाहीत, फक्त इनबॉक्स येतो. एका माणसाचं एकच यंत्र असेल तर पॉप चालेल. दोन झाली की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या यंत्रांवर सारखे दाखवणारी पद्धत), यात वाद घालण्यासारखं काही नाही. तरी भाऊंनी दोन गणेशोत्सव वाद घातला.

आयमॅप लावण्याआधी कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी करून घ्या. जीमेलचा साधा बेसिक एचटीएमएल व्ह्यू २०२४ च्या सुरुवातीला बंद झाला, तेव्हा आता नेहमीच्या पानावरच एनव्हीडीएने हे करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.

पहिलं, ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ या टॅबमध्ये फोल्डरची मर्यादा असते: १०००, २०००, ५००० किंवा १०,०००. मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. १००० निवडा. जुने मेल कुठे जात नाहीत, फक्त यंत्राला दिसत नाहीत. तुमच्या मंद इनबॉक्सचं निम्मं दुखणं इथेच जाईल.

दुसरं, ‘लेबल्स’ टॅबमध्ये प्रत्येक लेबलापुढे ‘शो इन आयमॅप’ असा चौकोन असतो. ‘ऑल मेल’, ‘इम्पॉर्टंट’ आणि ‘स्पॅम’ यांच्यापुढची खूण काढा. ऑल मेल चालू ठेवलं तर प्रत्येक मेल यंत्रावर दोनदा येतो, एकदा इनबॉक्समध्ये आणि एकदा तिथे.

तिसरं, पुसण्याचं. जीमेलमध्ये आयमॅपवरून पुसलेला मेल खरं तर पुसला जात नाही, मूळ सेटिंगप्रमाणे तो आर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्समधून हलून ऑल मेलमध्ये राहतो. वर्षभर पुसून १५ जीबी भरलेलेच का, तर म्हणून. त्याच आयमॅपच्या टॅबमध्ये आधी ऑटो-एक्सपंज (पुसल्याची खूण झाली की सर्व्हरवर लगेच अंमल करणं) बंद करा. मग ‘शेवटच्या दिसणाऱ्या फोल्डरमधून पुसलेला मेल’ या पर्यायाखाली ‘मूव्ह टू ट्रॅश’ निवडता येतं. ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो. यातही ऑल मेल दिसत असेल तर तो मेल ‘शेवटच्या फोल्डरमधून’ कधी जातच नाही आणि सेटिंग कागदावरच राहतं. म्हणून दुसरी पायरी आधी.

चौथं, फिल्टर. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येक गटासाठी एक फिल्टर: अटीत गटाचा पत्ता, कृतीत ‘स्किप द इनबॉक्स’ आणि एक लेबल. खाली ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स’ असा चौकोन आहे. त्यावर खूण केली नाहीत तर नवे मेल वळतील आणि जुना ढीग आहे तिथेच राहील. वर्गणी, बँक असल्या फिल्टरना ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ही द्या. लेबलांची नावं छोटी, रोमन लिपीत आणि वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी ठेवा. फोल्डरच्या यादीत पहिलं अक्षर दाबून उडी मारता येते, आणि देवनागरी नावं काही मेल प्रोग्राममध्ये अँपरसँडने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतात.

जुना ढीग उपसायचा तर शोधपट्टीत ‘इन कोलन इनबॉक्स’, जागा सोडून ‘ओल्डर अंडरस्कोर दॅन कोलन ६ एम’ असं रोमनमध्ये टाईप करा. सहा महिन्यांपूर्वीचं सगळं येतं. सगळे निवडा आणि आर्काइव्ह करा. मेख अशी की ‘सिलेक्ट’चा चौकोन फक्त त्या पानावरचे निवडतो, साधारण ५०. त्याच्या पुढे ‘या शोधात बसणारी सगळी संभाषणं निवडा’ अशा अर्थाची एक लिंक उगवते. ती एनव्हीडीए आपणहून सांगेलच असं नाही. खाली बाण दाबत जाऊन शोधा. ती न दाबता आर्काइव्ह करणारे लोक दिवसभर पन्नास-पन्नास करत बसतात.

आता भाऊंना कधीच न पटलेला भाग.

३२ सेलची ओळ हाच आपला पडदा. सेल म्हणजे एका ब्रेल खुणेची जागा. मेलच्या यादीत त्या ३२ सेलमध्ये काय येतं यावर तुमचा दिवस ठरतो. मंडळात आलेला एक विषय बघा: ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड, रिप्लाय’ या तीन इंग्रजी खुणा, मग ‘अत्यंत तातडीचे’, मग मजकूर. इंग्रजी ब्रेलमध्ये ‘एफडब्ल्यूडी’ला कॅपिटलची खूण, तीन अक्षरं, कोलन आणि मोकळी जागा मिळून ६ सेल. अशा दोन, म्हणजे १२. ‘आरई’चे ५. झाले १७. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या सामायिक ब्रेलमध्ये) ‘अत्यंत’चे हलंत आणि अनुस्वार धरून ६, एक मोकळी जागा, ‘तातडीचे’चे ७. एकूण ३१. कशाबद्दल तातडी आहे ते ओळीबाहेर! आवाजात हे तीन सेकंदांत निघून जातं म्हणून कोणाला जाणवत नाही, पण दीडशे मेलांना तीन-तीन सेकंद म्हणजे नुसती नावं ऐकण्यातच साडेसात मिनिटं गेली.

यावर उपाय यंत्रात नाही, माणसांत आहे. मंडळात मी नियम करून घेतला की विषयाचा पहिला शब्द कामाचा असावा: पावती, सही, हॉल, माहिती. ‘तातडीचे’ हा शब्दच बंद. फिल्टरलाही हे शब्द पकडता येतात. भाऊंनी याला लष्करी शिस्त म्हटलं. आता हॉलचं बुकिंग मागणारे बाहेरचे लोकसुद्धा तसंच लिहितात, कारण उत्तर लवकर मिळतं हे त्यांना कळलंय.

देवनागरी विषयाच्या जागी तिरकी रेघ, एक्स आणि ०९१५ असले आकडे बोटाखाली येत असतील तर मेल बिघडलेला नाही. ब्रेलचं कोष्टक, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणते ठिपके ते ठरवणारी यादी, इंग्रजीवर आहे आणि त्याला ‘क’ माहीत नाही. असं एक अक्षर आठ सेल खातं, म्हणजे ३२ सेलमध्ये जेमतेम चार अक्षरं. कोष्टक मराठी किंवा हिंदी करा. भारती ब्रेलमध्ये ‘क’ मराठीत, हिंदीत, गुजरातीत एकच, ठिपके १-३. त्यामुळे बडोद्यात जो गुजराती मेल येतो तोही गुजरातीचं कोष्टक लावलं की बोटांना ओळखीच्याच अक्षरांत मिळतो. गुजराती लिपी शिकावी लागत नाही. डोळस मराठी माणसाला ती वेगळी शिकावी लागते, हे भाऊंना मी आवर्जून सांगत असतो.

रोजचं काम मग फारसं उरत नाही. आधी माणसांचे मेल असलेला इनबॉक्स, मग बँक-बिलं, गट सगळ्यात शेवटी. स्पेससह ठिपका ४ च्या कळीने पुढचा, ठिपका १ ने मागचा, १-२-३ ने यादीच्या वर, ४-५-६ ने तळाला. पहिल्या फेरीत एकही मेल उघडू नका. विषयावरून पुसायचे ते पुसा. दुसऱ्या फेरीत उरलेले वाचा. नोंदींचा क्रम बदलता येत असेल तर इनबॉक्सला आधी नाव, गटांना आधी विषय. उत्तर लिहिताना खालचा जुना मजकूर कापा. जुन्या मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी लागणारं ‘यापेक्षा मोठे’ हे चिन्ह नव्या इंग्रजी ब्रेलमध्ये दोन सेलचं आहे, आणि चौथ्या पातळीच्या उत्तरात प्रत्येक ओळीचे पहिले आठ सेल त्यातच जातात. गटाचे मेल एकत्र बांधून मागवायची, म्हणजे डायजेस्टची सोय मला अजिबात आवडत नाही. पंचवीस मेल एका लांबच लांब मजकुरात येतात आणि त्याला उत्तर दिलं की विषयही डायजेस्टचाच जातो. फिल्टर लावा, डायजेस्ट नको.

फोनचं म्हणाल तर फोन मीही वापरतो, जाहिराती पुसायला. पण मंडळाचा पैशाचा एकही मेल नुसत्या कानावर सोडत नाही. बँकेचा आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं. लोक तिथे ‘ओ’ टाईप करतात. आवाजात ते घाईत निसटतं. ब्रेलमध्ये शून्याआधी अंकचिन्ह, ठिपके ३-४-५-६, बोटाला लागतंच. सभासदांची नावंही तशीच: मीना की मिना, शाह की शहा, हे कानाला कळत नाही आणि पावतीवर चुकलं की माणूस दुखावतो. भाऊ म्हणतात, अक्षर-अक्षर ऐकता येतं की. येतं. मग वेळ कोणाचा वाचला? शिवाय सभा चालू असताना टेबलाखाली मेल वाचता येतो, कानात काही न घालता, हे त्यांना आवडत नसावं असा मला दाट संशय आहे.

काही अटी आधी सांगायला हव्या होत्या. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्राममध्ये चालत नाही. साध्या खात्यांसाठी ते ३० मे २०२२ पासून बंद आहे. यंत्रातला प्रोग्राम गुगलचं लॉगिन पान उघडून देत असेल तर ठीक. नाहीतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्या. तो चार-चारच्या गटांत दाखवतात, मधल्या मोकळ्या जागा टाकायच्या नाहीत, सगळी अक्षरं लहान. भरताना संक्षिप्त ब्रेल (शब्दांची लघुरूपं वापरणारं) बंद ठेवा. आणि गुगलचा मुख्य पासवर्ड बदललात की ॲप पासवर्ड रद्द होतात. अचानक मेल येणं थांबलं तर आधी हे तपासा. आयमॅपचं पोर्ट ९९३, पाठवायचं ४६५ किंवा ५८७.

हे सगळं जीमेलचं झालं. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्टवर असेल तर साधा पासवर्ड तिथेही ऑक्टोबर २०२२ पासून बंद व्हायला लागला आणि ॲप पासवर्डचा आडमार्गही चालत नाही. यंत्रातला मेल प्रोग्राम नवी लॉगिन पद्धत जाणत नसेल तर आउटलुकचं अँड्रॉइड ॲप टाकून बघा, नाहीतर डिस्प्ले म्हणून कॉम्प्युटरला जोडा.

१८ सेलचं घ्यावं की ३२ चं असं कोणी विचारत असेल तर, मेलसाठी ३२. वरच्या त्या विषयात १८ सेलवर तीन इंग्रजी खुणा आणि ‘अत्यंत’मधला नुसता ‘अ’ आला असता.