समुद्रावरचा सूर्यास्त फोटोत छान येतो, मग डोंगरात आणि माळावर का बिघडतो?

गुहागरला मोबाइलवर काढलेले सूर्यास्ताचे फोटो सुरेख आले, पण भंडारदऱ्याला आणि नंतर गावी, सोलापूरकडे, तसेच काढायला गेलात तर एकीकडे सूर्याच्या जागी पांढरा डाग आला आणि दुसरीकडे नुसतं मळकट आभाळ. म्हणून आता चांगला कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे. हौस असेल तर जरूर घ्या, पण हा फरक कॅमेऱ्यामुळे पडलेला नाही. सूर्य आणि तुमच्या मधे किती आणि कसली हवा आहे, त्यावर सगळं ठरतं.

समुद्रावर क्षितिज मोकळं असतं. सूर्य पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा उजेड, सूर्य डोक्यावर असतानाच्या मानाने सुमारे 38 पट हवेतून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो आणि उरलेला तांबडा उजेड इतका मवाळ होतो की साधा मोबाइलही तो पेलतो. भंडारदऱ्याला मात्र सूर्य डोंगराआड जातो तेव्हा खऱ्या क्षितिजाच्या बराच वर असतो. डोंगराची धार 5 अंशांवर असेल (हात लांब करून तीन बोटं आडवी धरली तर साधारण तेवढं माप होतं), तर उजेड जेमतेम 10 पट हवेतून येतो. तो सूर्य अजून पांढराफटक आणि कडक असतो आणि खालची दरी केव्हाच सावलीत गेलेली असते. एवढी तफावत एका फोटोत बसवायची म्हणजे आभाळ तरी जळतं, नाहीतर जमीन काळी पडते.

म्हणून दरीत असताना मी सूर्य चौकटीत घेतच नाही. त्याच्याकडे पाठ करतो. तलावावर सावली आल्यावरही कळसूबाईच्या माथ्यावर ऊन रेंगाळत असतं आणि ते दर मिनिटाला तांबूस होत जातं. खरा फोटो तिथे असतो. सूर्यच हवा असेल तर कड्यावर जायला हवं. भंडारदऱ्याहून घाटघरचा कोकणकडा गाडीने तासाभराच्या आत येतो, आणि पायपिटीची तयारी असेल तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहेच. तिथे पश्चिमेला खाली सगळं कोकण पसरलेलं असतं आणि एकामागे एक डोंगररांगा फिक्या होत जातात. त्या थरांसाठी झूम लावा. रुंद (वाइड, जास्त परिसर घेणाऱ्या) लेन्सने रांगा चपट्या होऊन खाली एक पट्टी उरते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते, तेव्हा हे थर सगळ्यात स्वच्छ दिसतात. एप्रिल-मेमध्ये तिथेच सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच धुरकटात विरून जातो. आणि कड्यावर फोटोच्या नादात मागे सरकू नका. परतीसाठी विजेरी जवळ असूद्या, कारण सूर्यास्त बघून उठलात की वाट अंधारातच उतरायची असते.

सोलापूरकडच्या माळावर प्रश्न उलटा असतो. क्षितिज मोकळं आहे, पण हवेत धूळ आहे. उन्हाळ्यात सूर्याचा लाल गोळा डोळ्यांना दिसतो, फोटोत मात्र मळकट आभाळात बारीक ठिपका उमटतो. याचं कारण साधं आहे: सूर्याचा व्यास अर्धा अंश. 24 मिमीच्या रुंद लेन्सने त्याची प्रतिमा 0.2 मिमीच्या आसपास पडते, 400 मिमीच्या लांब लेन्सने साडेतीन मिमीच्या वर. तेव्हा माळावर लांब लेन्स आणि सूर्यासमोर ठेवायला काहीतरी हवं. एकटी बाभूळ चालेल, विहिरीवरची मोट ओढायची जुनी चौकट चालेल. झाडापासून भरपूर लांब उभे राहा, म्हणजे झाड लहान होतं आणि सूर्य तेवढाच राहतो. गुरं परतताना उडणारी धूळ समोरून उजेड आला की पेटल्यासारखी दिसते. जी धूळ आभाळ मळवते तीच इथे कामाला येते. मात्र लांब लेन्समधून, आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआरच्या) दुर्बिणीसारख्या खिडकीत डोळा लावून सूर्याकडे बघू नका. स्क्रीनवरच बघा.

जागा आधी हेरून ठेवत असाल तर एक लक्षात घ्या. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. दिवाळीत ज्या झाडामागे गोळा उतरला, तो होळीपर्यंत तिथेच राहील या भरवशावर जाऊ नका.

गुहागरबद्दलही सांगतो, कारण तिथे अजून चांगलं जमेल. ओल्या पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) आभाळ उतरलेलं हवं असेल तर संध्याकाळी ओहोटी हवी. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला 6 वाजता भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी वर आलेलं असतं आणि पुळण अरुंद. पौर्णिमा-अमावास्येला भरती 11-12 च्या सुमारास, म्हणून संध्याकाळी साडेपाच-सहाला समुद्र पार आत गेलेला असतो आणि मागे लांबच लांब ओली वाळू चकाकते. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्या. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर काढा, तो नेमकं प्रतिबिंबच खातो.

सेटिंगचं थोडक्यात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तांबडा रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो, म्हणून तो डेलाइटवर ठेवा. मोबाइलवर सूर्याच्या शेजारच्या आभाळावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (उजेडाचं माप) लॉक झालं की बोट खाली सरकवून फोटो थोडा काळोखा करा. सूर्याचा गोळा टेकल्यापासून बुडेपर्यंत आपल्याकडे दोन-अडीच मिनिटंच मिळतात, तेव्हा हे आधीच करून ठेवा.

आणि गोळा बुडाला की लोक उठतात, तुम्ही उठू नका. वरचे पिंजलेले ढग असतील तर त्यांना खालून उजेड मिळतो तो त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत. भंडारदऱ्याला तर हीच वेळ सगळ्यात सोयीची, कारण सूर्य नाही म्हणजे ती तफावतही नाही. आभाळ आणि पाणी दोन्ही एका फोटोत बसतात, तुमच्या आहे त्या मोबाइलवरसुद्धा. फक्त तो कशाला तरी टेकवून ठेवा.