शरीरात पाणी कमी झालंय की जास्त, हे पेशंटकडे पाहून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुस्तकातली लक्षणं पाठ आहेत, पण वॉर्डात म्हातारा पेशंट समोर आला की गोंधळ उडतो. लघवी दोन्हीत कमी, थकवा दोन्हीत, मग ओळखायचं कसं?

पुस्तकातला तक्ता मी परत लिहीत बसत नाही. वजन घ्या, पेशंट झोपतो कसा ते घरच्यांना विचारा आणि मानेची शीर फुगलीय का ते बघा. मी यवतमाळ जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पण ही विद्या मला ड्यूटीवर लागली त्याहून जास्त सासरी भांडायला लागली.

माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, हार्टचे पेशंट. एक अटॅक येऊन गेलेला. मे महिन्यात त्यांचं जेवण सुटलं, लघवी कमी झाली, दोन शब्द बोलले की दम लागायचा. आमच्याकडचा मे म्हणजे पारा ४५ ला टेकलेला, त्यामुळे घरादाराने निदान करून टाकलं, ऊन लागलं. अंगाला कांदा चोळून झाला, पन्हं पाजून झालं. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, "त्याइच्या अंगातलं पाणी आटलं. दोन सलाईन लावल्या का उभे रायतीन."

मी गावी पोचले तेव्हा मामाजी खाटेवर, पाठीशी गादीची गुंडाळी लावून, भिंतीला टेकून बसलेले. सासूबाई म्हणाल्या, "गर्मीनं झोप नाई लागत त्याइले. आठ दिवसापासून असे बसूनच झोपतात." झालं, निदान तिथेच झालं होतं, फक्त नाव गर्मीचं दिलं होतं. ज्याचं पाणी आटलंय तो आडवा पडून राहतो, उठून बसवलं तर त्याला घेरी येते. फुप्फुसात पाणी उतरलेल्याचं उलटं. आडवं झालं की जीव गुदमरतो, बसलं की जरा बरं वाटतं.

नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर खळगा तसाच राहिला. ताठ बसलेले असूनही मानेची शीर जबड्याच्या कोनापर्यंत फुगलेली. भासरे जिभेकडे बोट दाखवत होते, "जीभ पाय ना, किती सुकली!" सुकणारच. दम लागलेला माणूस तोंडाने श्वास घेतो, त्याची जीभ कोरडीच असते. जिभेवर जाऊ नका, इथे भले भले फसतात.

घरात कापूस तोलायचा काटा पडलेला होता. मामाजींना धरून त्यावर उभं केलं. मागच्या डिस्चार्ज कार्डावर ५४ किलो होते, काटा ५८ दाखवत होता. आठ दिवस नीट न जेवलेल्या माणसाचं वजन चार किलोने वाढतं कसं? मांस चढलं का? एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, हिशेब सरळ होता.

पण घरात हिशेब कोण ऐकतो. "तू नर्स हाय, डॉक्टर नोको बनू," म्हणत भासऱ्यांनी तालुक्याहून एका डॉक्टरांना आणलं. त्यांनी ना मान पाहिली ना पाय, बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कडीला सलाईनची बाटली टांगली. दुसरी अर्धी झाली नाही तोच मामाजींना खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून गुलाबी फेस. मी सलाईन बंद केली, १०८ बोलावली. रुग्णालयात ऑक्सिजन, लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सचं इंजेक्शन, मग लघवीची पिशवी भरत गेली. मामाजी घरी आले ते परत ५४ वर. भासरे आजही म्हणतात, सलाईन लावली म्हणून दवाखान्यापर्यंत तरी टिकले!

नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. मामाजींचं लोणचं डॉक्टरांनी बंद केलेलं, ते घरात सगळे पाळायचे, आणि तेच मीठ शिरेतून गेलेलं मात्र चालतं. सलाईनने ताकद येते हे आपल्या गावांतलं खूळ आहे आणि ते पोसणारे डॉक्टर त्यावर दुकान चालवतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. आमच्याकडे ओआरएसचं पाकीट फुकट दिलं तरी लोक विचारतात, "सलाईन नाई लावत का?"

आता पाणी कमी असल्याचं. आडवं असताना आणि उभं केल्यावर तीन मिनिटांत बीपी घ्या, वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडला तर संशय धरा. मोठ्या माणसाची लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलि तरी हवी. म्हाताऱ्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून काही कळत नाही, छातीवर किंवा कपाळावर बघा. जुलाब झालेलं मूल सुस्त पडलंय, पीत नाही, पोटावरची चिमूट दोन सेकंदांत बसत नाही, तर तिथे सलाईनला उशीर करू नका. माझं भांडण बाटलीशी नाही. कुपोषित मुलाचे डोळे मात्र एरवीही खोल असतात आणि त्याला बेताबेतानेच पाणी द्यावं लागतं, म्हणून मेळघाटकडे पोस्टिंग मिळालं तर हे वेगळं शिकून घ्या.

आणि हो, पायाला खळगा पडला म्हणजे पाणी जास्तच, असं धरू नका. बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, लिव्हरच्या आजारात अंगावर सूज आणि शिरांत पाणी कमी असंही असतं. अंथरुणाला खिळलेल्याची सूज पायांवर न दिसता माकडहाडावर दिसते, कूस वळवून दाबून बघा. लॅसिक्सवरचा पेशंट उन्हाळ्यात जुलाबाने खरंच आटतो, तेव्हा वजन खाली गेलेलं असतं. गोळी थांबवायची का ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही कालचं आणि आजचं वजन त्यांच्यासमोर ठेवा. तोंडी सांगू नका, चार्टवर वेळ टाकून लिहा.