तुमचे प्रश्न: बोर्दोची बाटली आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न: भाचा फ्रान्सला शिकायला होता, येताना त्याने आमच्यासाठी रेड वाईनची एक बाटली आणली. लेबलवर ओ-मेदोक, बोर्दो आणि २०१६ असं आहे. आमच्या लग्नाला २०३० मध्ये २५ वर्षं होतात, तेव्हाच उघडू असा विचार करून राहिलो, कारण वाईन जितकी जुनी तितकी चांगली म्हणतात नं. सध्या किचनच्या माळ्यावर उभी ठेवली आहे. चालेल का? आणि प्यायची कशी, सावजी मटणासोबत जमते का?
- एक वाचक, मनीषनगर

उत्तर: दादा, आधी ती बाटली माळ्यावरून खाली उतरवा, बाकीचं नंतर वाचा.

भाच्याने आणलंय ते खरंच छान आहे. ओ-मेदोक म्हणजे बोर्दोमध्ये जिरोंद खाडीच्या डाव्या काठचा भाग, तिथल्या वाईनमध्ये मुख्यतः काबर्ने सोविन्यों आणि मर्लो ही द्राक्षं असतात आणि २०१६ हे तिथलं फार चांगलं वर्ष मानतात. अशी बाटली नीट सांभाळली तर २०३० पर्यंत टिकूही शकते, पण नीट म्हणजे १२ ते १४ डिग्री, वर्षभर एकसारखं, अंधारात, आडवी (कॉर्क ओला राहावा म्हणून, वाळला की आकसतो आणि हवा आत जाते). आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात किचनचा माळा, खाली गॅस! उष्णतेने आतली वाईन फुगते, कॉर्कला वर ढकलते, रात्री थोडं गार झालं की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते, असं दोन महिने रोज चाललं की संपलंच. माझ्याकडची एक बाटली अशीच गेली, कॉर्क वर आलेला, गळ्याला चिकट ओघळ, रंग विटकरी आणि वास उकडलेल्या मनुकांचा. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण ती कोणीतरी प्रेमाने दिली होती. तुमची बाटली माळ्यावर एखादा उन्हाळा काढून बसली असेल तर कॉर्क वर आलाय का, बाजूने गळलंय का ते आजच बघा.

जुनी तितकी चांगली हे सगळ्या वाईनना लागू नाही. बहुतेक वाईन दोनचार वर्षांत प्यायच्याच असतात, तुमची त्यातली नाही एवढंच. २०३० चाच आग्रह असेल तर वाईनचा छोटा कूलर घ्या, नाहीतर माझं स्पष्ट मत, येत्या डिसेंबरमध्ये उघडा. तोवर पेपरात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये आडवी ठेवा. ते काही आदर्श नाही, फ्रिजमध्ये हवा कोरडी असते, पण काही महिन्यांच्या थंडीने वाईन मरत नाही, गरमीने मरते. आणि कार्यक्रम वर्ध्याच्या घरी करायचा बेत असेल तर बाटली नेऊ नका, तिथे जिल्ह्यात दारूबंदी आहे.

उघडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात, ती रूम युरोपातल्या जुन्या घरांतली, १६ ते १८ डिग्रीची, आपली नाही. म्हणून फ्रिजमधून काढली की अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. मग काचेच्या जगमध्ये हळूहळू ओता, गाळ दिसला की थांबा, आणि तासभर तशीच उघडी ठेवा.

ग्लास एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा, मग न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. पेन्सिलला टोक करताना येतो तसला लाकडाचा वास सापडला की मजा येते, काबर्नेत तो बरेचदा असतो. छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते तसा तुरटपणा लागेल, तोच टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. पहिल्या घोटाला आवडलं नाही तर ग्लास ठेवून द्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघा, खरंच फरक पडतो.

सावजी नको. मी सावजीचा भक्त आहे, पण तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं आणि टॅनिन कडू लागतो, दोघांचीही चव जाते. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण करा, मांसातलं प्रोटीन टॅनिनला पकडतं आणि वाईन एकदम मऊ लागते. सावजीसोबत रेड हवीच असेल तर बोजोले बघा, गामे द्राक्षाची, टॅनिन कमी, १२-१३ डिग्रीला गार करून. उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

प्रश्न: हॉटेलात वेटर आधी थोडीशीच वाईन ओतून थांबतो, तेव्हा काय करायचं असतं? मला फार अवघडल्यासारखं होतं.
- एक वाचक, रामदासपेठ

उत्तर: फक्त वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर कॉर्कमुळे वाईन बिघडली आहे, बिनधास्त बदलून मागा. वास साफ असेल तर मान हलवा, तो ओतेल. चव आवडली की नाही हे विचारायला तो थांबलेला नसतो.