लोकसंगीत आणि रॉक यांचा खरा मेळ कुणी घातलाय का, की सगळं नुसतं जुन्या गाण्याखाली ड्रम लावणं?

तुम्ही म्हणता की फ्यूजनच्या नावाखाली बहुतेक वेळा एखादं पारंपरिक गाणं घेतात आणि त्याला गिटार-ड्रम चिकटवतात. तक्रार रास्त आहे. दोन्ही बाजू मनापासून वाजवणारा कुणी सुचवा, असंही तुम्ही विचारलंय. माझ्यापुरतं उत्तर एकच आहे: गायक रशीद ताहा.

ताहा मूळचा अल्जेरियाचा. 1958 साली ओरानजवळच्या सिग गावी जन्म, आणि दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर फ्रान्सला. वडील अल्सासमध्ये कापडगिरणीत कामाला लागले. पुढे तो स्वतः लियोंमध्ये दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री क्लबात रेकॉर्डी लावायचा. अरब पोरांना तेव्हा कित्येक डिस्कोंच्या दारातूनच परत पाठवत, म्हणून मित्रांबरोबर त्याने आपलाच क्लब काढला आणि नाव ठेवलं 'ले रफुले', म्हणजे दारातून हाकललेले. तिथे तो अरबी गाणी लेड झेपेलिन, बो डिडली, क्राफ्टवर्क अशा पाश्चात्त्य कलाकारांच्या ठेक्यांवर चढवून वाजवायचा. त्याचं संगीत समजायचं असेल तर हा क्लब ध्यानात ठेवा. अरबी गाणी घरातली, रॉक रस्त्यावरचं, आणि ऐकणारी पोरं दोन्हींत वाढलेली. कुणा निर्मात्याने बाजारासाठी जुळवून आणलेलं असं त्यात काही नव्हतं.

1980च्या सुमारास ताहाचा 'कार्त द सेजूर' हा बँड उभा राहिला. परदेशी माणसाला फ्रान्समध्ये राहायला जो परवाना लागतो, त्याचंच हे नाव. 1984च्या पहिल्या अल्बमचा निर्माता होता स्टीव्ह हिलेज, 'गाँग' बँडमधला इंग्रज गिटारवादक. ही जोडी नंतर वीस वर्षं टिकली.

या बँडचं एक गाणं मात्र थांबून ऐकण्यासारखं आहे. शार्ल त्रेने यांचं 'दूस फ्रान्स' म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, लहानपणीच्या गावाची आठवण काढणारं हळवं फ्रेंच गाणं. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोंडपाठ असतं. 1986 साली या पोरांनी ते अरबी वळणावर, ताहाच्या खरखरीत आवाजात गायलं. त्या वेळी गृहमंत्री पास्क्वा यांच्या स्थलांतरितांविरुद्धच्या कडक धोरणांवरून वातावरण तापलं होतं. माजी सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांच्या मदतीने बँडने ही रेकॉर्ड थेट संसदेतल्या खासदारांना वाटली. 'माझ्या बालपणीचा गोड देश' असं कुणी म्हणावं, हा प्रश्न नुसता गायकाचा गळा बदलल्याने उभा राहतो. लोकांना त्यात खोच दिसते. मला दिसतो तो हक्क. ताहाही त्याच देशात वाढला होता.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. 1998चा 'दिवान' अल्बम लावा. रॉकवाला म्हणून नाव झालेला हा माणूस इथे रॉक जवळजवळ बाजूला ठेवतो आणि आपल्या आधीच्या पिढीची गाणी गातो. त्यातलं 'या रायेह' जगभर गाजलं. हे मूळ दहमान एल हराशी यांचं. ते स्वतः 1949 साली फ्रान्सला गेलेले आणि तिथल्या अल्जेरियन कामगारांच्या कॅफेंमध्ये गाणारे. प्रकार शाबी, म्हणजे अल्जीयर्स शहरातलं सामान्य माणसांचं गाणं, मांदोल नावाच्या मोठ्या मँडोलिनसारख्या वाद्यावर बांधलेलं. देश सोडून निघालेल्या माणसाला ते विचारतं, कुठे चाललास, शेवटी थकून परतच येशील ना. ताहाच्या गाण्यात आधी ऊद हे अरबी तंतुवाद्य येतं, मग दरबुका या हाताने वाजवायच्या तालवाद्याचा ठेका, मग व्हायोलिनचा ताफा. चाल त्याने कुठे मोडलेली नाही. बदललंय ते खालचं अंग. बास पुढे आहे, ठेका घट्ट बांधलाय, आणि गायक आर्जव करत नाही, खडसावतो. कॅफेतल्या खुर्चीवर बसून ऐकायचं गाणं त्याने उभं राहून नाचायचं केलं, आणि तरी त्यातली कळ गेली नाही. हे कुणालाही जमत नाही. ज्याने जुनं गाणं आधी पूर्ण पचवलंय त्यालाच जमतं.

नेमकं उलट टोक म्हणजे 2004च्या 'तेकितोआ'मधलं 'रॉक एल कास्बा'. 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक-रॉक बँडचं 1982चं इंग्रजी गाणं त्याने अरबीत गायलं. यामागे एक गोष्ट आहे. 1981 साली पॅरिसला क्लॅशचे कार्यक्रम होते, तेव्हा ताहाने त्यांना आपल्या बँडची टेप दिली होती, आणि मूळ गाणं सुचण्यात तिचा वाटा असावा असं तो सांगायचा. ते खरं असो नसो, क्लॅशचा गिटारवादक मिक जोन्स पुढे त्याच्याबरोबर रंगमंचावर उभा राहिला आणि 2013च्या 'झूम' अल्बमवरही वाजवला. त्याच 'झूम'मध्ये एका गाण्यात इजिप्तची थोर गायिका उम्म कुलसूम हिला वंदन आहे आणि दुसऱ्यात एल्व्हिसचं गाणं. वर्णद्वेषी राजकारणावर 1993 साली केलेलं 'व्वाला व्वाला'ही तिथे पुन्हा गायलंय, कारण वीस वर्षांनंतरही ते जुनं झालं नव्हतं.

बऱ्याच याद्यांत त्याला राई गायक म्हणतात. राई हा त्याच्याच ओरान भागातला प्रकार, आणि 'दीदी'वाल्या खालेदबरोबर 1998 साली पॅरिसच्या बेर्सी सभागृहात तो गायलाही, सोबत राई गायक फोदेल होता. ती मैफल जरूर ऐका. पण ताहाला राईच्या खणात टाकणं मला पटत नाही. शाबी, राई, पंक, टेक्नो, सगळं त्याने घेतलं.

12 सप्टेंबर 2018ला, साठी गाठायला आठवडाभर उरला असताना, झोपेतच तो गेला. दफन सिगमध्ये झालं. शेवटचा अल्बम पुढच्या वर्षी निघाला.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर आधी हराशींचं मूळ 'या रायेह', लगेच ताहाचं, मग 'तेकितोआ' सलग. हेडफोन लावून, आणि पहिल्या खेपेला शब्दांच्या मागे न लागता फक्त बास आणि दरबुक्यावर कान ठेवून. यूट्यूबवर लाइव्ह काही सापडलं तर त्यात त्याचा जुना साथीदार हकीम हमादूश काय वाजवतो ते बघा. हातात मांदोलच्या जातीचं वाद्य आणि वाजवायची धाटणी पक्की रॉकची.