पडलेली शहरं उभी करायला कुठे शिकवतात?

रेवदंड्याहून एका आईने लिहिलंय: मुलगी अकरावी सायन्सला आहे. मोबाईलवर गाझा, युक्रेनमधल्या पडक्या इमारती बघून म्हणते, ‘मला अशी शहरं परत बांधायचीत.’ बाबांचं म्हणणं, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर. असं शिक्षण असतं का, आणि त्यावर पोट भरतं का?

ताई, पोट भरतं. पण या नावाची पदवी मिळत नाही. दोन-तीन वाटांनी तिथे पोचता येतं.

आधी पोलंडच्या राजधानीचं, वॉर्साचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या उठावानंतर जर्मनांनी ते शहर ठरवून पाडलं. सुमारे ८५ टक्के शहर मातीत गेलं. तरी जुना भाग पुन्हा उभा राहिला आणि १९८०मध्ये जागतिक वारसा यादीतही गेला. हाताशी होती बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं, आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी घरं मोजून काढलेले नकाशे. ते लपवून ठेवले म्हणून वाचले. कॉलेजातलं सबमिशन एवढ्या कामाला आल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही!

विटा रचण्याआधी प्रश्न येतो तो जमीन कुणाची हा. वॉर्सात १९४५च्या एका हुकमाने सगळी जमीन पालिकेकडे गेली. रस्ते आखणं सोपं झालं, पण वारसांचे दावे पुढच्या पिढ्यांपर्यंत चालले. एका सातबारावर सतरा नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत, हे बघत वाढलेल्या मुलीला यात वेगळं काय सांगायचं?

आणि सगळीच शहरं परत उभी राहत नाहीत. तुमचंच रेवदंडा बघा. १७४०मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेलं. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि मधे सातखणी मनोरा.

आता वाटा. बी.आर्च., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षांचं; त्यासाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर. बी.प्लॅनिंग, म्हणजे शहरांची आखणी, चार वर्षांचं; दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आहे. गणित मात्र सोडू देऊ नका. बाबांची काळजीही खोटी नाही, सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच असतो. इंजिनीअरिंगच करायचं ठरलं तर सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल बघा. हिरोशिमात बॉम्बनंतर तीनच दिवसांत ट्रामचा एक टप्पा सुरू झाला होता, ते काम वीज आणि रुळांच्या माणसांचं. २०२०च्या निसर्ग वादळानंतर वायरमनची वाट कशी बघितली होती, ते बाबांनाच विचारा.

क्लासची फी भरण्याआधी एक करा. या मे महिन्यात तिला लांब टेप आणि ग्राफ पेपर आणून द्या, टेपचं दुसरं टोक धरायला धाकटं कुणी. पडवीपासून न्हाणीपर्यंत आपलंच घर मोजू दे. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायला सांगा, जुन्या घरात काटकोन सापडत नाहीत. कागदावर भिंती जुळेनात म्हणून चिडली आणि तरी पुन्हा टेप घेऊन उठली, तर मला कळवा. मग फीचं बोलू.