प्रश्न वाचकांचे : फोनवरचं ठिकाण चुकतं कुठे?

ट्रेकच्या पुस्तिकेत कळसूबाईचं शिखर 19°36′04″ उत्तर, 73°42′33″ पूर्व असं दिलंय. ॲपमध्ये 19.3604, 73.4233 टाकलं, तर पिन मुरबाडच्या उत्तरेला पडली. पुस्तिका चुकली का? — एक वाचक, नाशिक

पुस्तिका बरोबर आहे. अंशाची 60 मिनिटं होतात, म्हणून 36 मिनिटं म्हणजे 0.36 अंश नव्हे. 36 ला 60 ने भागा, 0.6 येतात. 4 सेकंदांना 3600 ने भागा, 0.0011 येतात. अक्षांश झाला 19.6011. रेखांशाचंही तसंच करा, 73.7092 येईल. तुमची पिन साधारण 27 किलोमीटर दक्षिणेला आणि 30 किलोमीटर पश्चिमेला सरकली ती एवढ्यामुळेच.

लिहिण्याची तिसरी पद्धतही आहे, 19°36.07′ अशी, म्हणजे पूर्ण अंश आणि दशांशातली मिनिटं. हातात धरायच्या जीपीएस यंत्रांवर ती बऱ्याचदा दिसते. म्हणून कुणाला ठिकाण कळवताना अंश, मिनिटांची चिन्हं गाळू नका. डोंगरात अडकलेल्या माणसाचे आकडे बचाव पथकाने चुकीच्या पद्धतीने वाचले, तर शोध दुसऱ्याच दरीत सुरू होतो. अक्षांश आधी, रेखांश नंतर. उलट टाकलेत तर कळसूबाई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. दशांशानंतर पाच आकडे पुरेत. पाचवा आकडा जेमतेम एका मीटरचा असतो, त्यापुढच्या आकड्यांना फोनच्या बाबतीत काही अर्थ नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावरून आकडे काढत असाल, तर आणखी एक गोष्ट पाहा. ते नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीचा आकार मांडणाऱ्या एका जुन्या गणिती आकृतीवर बेतलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-84 या वेगळ्या आकृतीवर चालतं. पश्चिम महाराष्ट्रात त्यामुळे एकच बिंदू शंभरेक मीटर सरकतो. 1:50,000 च्या नकाशावर हे अंतर फक्त 2 मिलिमीटर, पण सह्याद्रीच्या धारेवर तेवढ्यात कडा येतो. कोणता संदर्भ वापरलाय ते नकाशाच्या समासात छापलेलं असतं. 2005 च्या नकाशा धोरणानंतर निघालेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 वरच आहेत.

कळसूबाई शिखराची उंची 1646 मीटर, पण माझ्या ॲपने माथ्यावर 1580 च्या आसपास दाखवली. फोन बिघडलाय का? — एक वाचक, संगमनेर

नाही. 1646 ही समुद्रसपाटीपासूनची उंची. उपग्रहांवरून काढलेली उंची मात्र गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि आपल्याकडे समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. काही ॲप हा फरक स्वतःच दुरुस्त करतात, काही करत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन फोनवर दोन उंच्या दिसतात. सेटिंगमध्ये 'समुद्रसपाटीपासून' असा पर्याय असेल तर तो निवडा. शिवाय सगळे उपग्रह डोक्यावरच, पायाखाली एकही नाही. त्यामुळे उंचीतली चूक सहसा आडव्या चुकीपेक्षा जास्त असते.

रेंज नसताना जीपीएस चालतं का? — एक वाचक, भोर

चालतं. फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, नुसता ऐकतो. 20,200 किलोमीटरवरून संदेश यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो; त्या वेळेवरून अंतर निघतं. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, की अंतर 300 मीटरने चुकतं. फोनचं घड्याळ इतकं अचूक नसतं, म्हणून अक्षांश, रेखांश, उंची या तीन अज्ञातांबरोबर घड्याळाची चूक हे चौथंही सोडवावं लागतं आणि किमान चार उपग्रह लागतात. रेंज असली की उपग्रहांच्या कक्षांची माहिती नेटवरून झटपट मिळते. नसली की ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. ती अगदी संथ येते, एका उपग्रहाची अर्ध्या मिनिटात. तेव्हा मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं एका जागी थांबा. नकाशा मात्र घरूनच डाउनलोड करून न्या.

शेताची हद्द फोनवर फिरून मोजली. शेजाऱ्याचा बांध दोन मीटर आत निघाला. तक्रार करू का? — एक वाचक, बारामती

या मोजमापावर नको. मोकळ्या रानातही फोन पाचेक मीटर चुकू शकतो. आंब्याखाली किंवा भिंतीलगत त्याहून जास्त, कारण संदेश अडतो किंवा आपटून उशिरा पोहोचतो. 100 मीटर लांबीच्या बांधावर पाच मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. तुमचे दोन मीटर तर चुकीच्या आतच आहेत. ॲपमधला उपग्रह-फोटोही काही मीटर सरकलेला असू शकतो, त्यावर रेघ ओढून भांडू नका. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. भूकरमापक रोव्हर नावाचं अचूक उपग्रह-मोजणी यंत्र आणतो. जागा पक्की ठाऊक असलेल्या स्थिर केंद्राकडून त्याला दर क्षणाची दुरुस्ती मिळते, त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. तरीही हद्द ठरते ती मूळ टिपण आणि गट नकाशावरून. जुने दगड, बुरूज असतील तर मोजणीआधी उपटू नका आणि शेजाऱ्याला नोटीस मिळाली आहे ना, ते पाहा.